देव्हाऱ्याचं पुढे काय झालं? नाशिकच्या बहाई ज्येष्ठांचा श्रद्धाप्रवास नोंदवण्याची रीत

बहाई म्हणजे एकोणिसाव्या शतकात इराणमध्ये उगम पावलेल्या, बहाउल्लाह यांनी स्थापन केलेल्या धर्माचे अनुयायी. त्यांचा श्रद्धाप्रवास नोंदवायला बसलेले बहुतेक जण पहिलाच प्रश्न चुकीचा विचारतात. ‘तुम्ही बहाई कसे झालात?’ असं विचारलं की समोरच्या आजी किंवा काका एक तयार उत्तर देतात. ते त्यांनी आजवर शंभरदा दिलेलं असतं. कोणीतरी ओळखीचं भेटलं, पुस्तक दिलं, मनाला पटलं, नोंदणीचं कार्ड भरलं. तीन मिनिटांत विषय संपतो आणि पुढचा तासभर दोघंही त्याच तीन मिनिटांभोवती फिरत राहतात.

उत्तर खोटं नसतं, पण सांगून सांगून गुळगुळीत झालेलं असतं. खरा ऐवज त्याच्या आजूबाजूला असतो: देव्हाऱ्यातले टाक कुठे गेले, सासूबाई पहिल्या उपवासाला काय म्हणाल्या, वडिलांच्या दहाव्याला रामकुंडावर कोण गेलं आणि कोण घरी थांबलं. म्हणून पहिली बैठक घराबद्दल ठेवावी. धर्माबद्दल त्यात जेवढं येईल तेवढं येऊ द्यावं, ओढून आणू नये.

जाण्यापूर्वी

एका माणसासाठी तीन भेटी धराव्यात. पहिली अर्ध्या तासाची, रेकॉर्डिंगशिवाय, फक्त ओळख आणि परवानगीसाठी. दुसरी आणि तिसरी प्रत्येकी तास-सव्वा तासाची. सव्वा तासानंतर वय झालेल्या माणसाचा आवाज बसतो आणि आठवणी एकमेकींत मिसळायला लागतात. ‘आज सगळंच उरकून टाकू’ असा आग्रह घरच्यांनी केला तरी थांबावं.

वेळ सकाळी दहा ते साडेअकरा बरी. घंटागाडी येऊन गेलेली असते, कुकरच्या शिट्ट्या सुरू व्हायच्या असतात. सिडकोत किंवा पंचवटीत रस्त्यालगतचं घर असेल तर मागची खोली मागून घ्यावी. बहाई उपवासाच्या दिवसांत, म्हणजे १ किंवा २ मार्चपासून नवरोजपर्यंतच्या (बहाई नववर्षापर्यंतच्या) १९ दिवसांत, दुपारची बैठक ठेवू नये. सूर्योदय ते सूर्यास्त अन्न नाही, पाणीही नाही, आणि नाशिकचा मार्च तोवर तापायला लागलेला असतो. सत्तरी ओलांडलेल्यांना उपवासाचं बंधन नाही, तरी पुष्कळ जण धरतात. त्यांना विचारून घ्यावं.

पहिल्या भेटीत एकपानी संमतिपत्र भरून घ्यावं. त्यात तीन पर्याय स्वच्छ लिहावेत: फक्त कुटुंबासाठी, समाजाच्या बैठकीत वाचण्यासाठी, की कोणीही वाचावं यासाठी. चौथी ओळ हमखास राहून जाते: ‘माझ्यानंतर याबद्दल कोणी ठरवायचं?’ ती आधीच भरून घ्यावी. माणूस गेल्यावर दोन भावांत त्यावरून वाद झाला तर नोंद कपाटातच पडून राहते.

प्रश्न घरापासून

मराठी हिंदू घरातून आलेल्या माणसाला विचारायचा सगळ्यात उघडा प्रश्न म्हणजे ‘देव्हाऱ्याचं पुढे काय झालं?’ बहाई शिकवणीत कृष्ण आणि बुद्ध हे ईश्वराचे अवतार मानले आहेत. त्यामुळे आधीचं सगळं खोटं ठरवून फेकून द्यावं लागत नाही. पण मूर्तिपूजा, नैवेद्य, कुलाचार यांचं रोजच्या दिवसात काय करायचं हे प्रत्येक घराने आपापलं ठरवलेलं असतं. कुणी टाक थोरल्या भावाकडे दिले. कुणाच्या घरी सासू होती तोवर देव्हारा तिचा राहिला आणि सून शेजारच्या खोलीत प्रार्थना म्हणत राहिली. कुणी वणीच्या देवीला जाणं सोडलं नाही. ‘मग तुम्ही दोन्ही करता का?’ असं आवाज चढवून विचारायचं नाही. ‘मग नवरात्रात घरी काय असायचं?’ असं विचारलं की तेच उत्तर मिळतं, आणि तपशिलासकट.

उपवासाबद्दल विचारताना आपल्या भाषेतली एक अडचण ध्यानात ठेवावी. मराठी घरात उपवास म्हटलं की साबुदाण्याची खिचडी, वरईचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी. बहाई उपवासात दिवसभर काहीच नाही आणि सूर्यास्तानंतर काहीही चालतं. ‘उपवास आहे’ म्हणून शेजारणीने खिचडीचं ताट आणून दिलं, तेव्हा काय केलं? होळी बऱ्याचदा याच १९ दिवसांत येते. पुरणपोळी दुपारी टाळली की रात्रीसाठी ठेवली? अशा प्रश्नांवर माणसं हसतात आणि मोकळी होतात. आजारी असताना, प्रवासात, गरोदरपणी किंवा बाळ अंगावर पीत असताना उपवासातून सूट असते. स्त्रियांना याबद्दल स्त्रीनेच विचारलेलं बरं.

लग्नाचा प्रश्न चारही आईवडिलांपर्यंत न्यावा. बहाई विवाहात वधू-वर दोघांच्याही हयात असलेल्या आईवडिलांची संमती लागते, मग ते कोणत्याही धर्माचे असोत. पहिल्या पिढीतल्या बहाईंसाठी ही सोपी गोष्ट नव्हती. ज्यांनी मुलाच्या नव्या धर्माशी बोलणंच टाकलं होतं, त्यांच्याकडेच सहीसाठी जावं लागायचं. म्हणून विचारावं: चौघांपैकी आधी कोण तयार झालं? शेवटची संमती कशी मिळाली, पत्राने की तोंडी? किती दिवस लागले? दोन साक्षीदार कोण होते? आणि बहाई विधीबरोबर सप्तपदीही झाली का? जोडीदार दुसऱ्या धर्माचा असेल तर दोन्ही विधी होऊ शकतात, त्यामुळे अशा घरांत अक्षताही असतात आणि बहाई प्रतिज्ञाही.

मृत्यूचा विषय सगळ्यात शेवटी, दुसऱ्या बैठकीच्या उत्तरार्धात काढावा. इथे नाशिकची गोष्ट इतर गावांपेक्षा वेगळी आहे. देशभरातून लोक अस्थी घेऊन रामकुंडावर येतात. ज्यांचं घरच पंचवटीत आहे त्यांना घाट दहा मिनिटांवर. बहाई रीतीत दहन नाही, दफन आहे, आणि मृत्यू जिथे झाला तिथून तासाभराच्या प्रवासापलीकडे देह नेत नाहीत. एरवी बहाईंमध्ये सामूहिक नमाजासारखी प्रार्थना नसते, मृतासाठीची प्रार्थना तेवढी एकाने म्हणायची आणि बाकीच्यांनी उभं राहून ऐकायची. आता हे सगळं एखाद्या घरात पहिल्यांदा घडलं तेव्हा नातेवाईक अमरधाम स्मशानभूमीची तयारी करून बसलेले असतात. जागा कुठे मिळाली, कोणी धावपळ केली, भाऊबंद थांबले की निघून गेले, दहाव्याला आणि तेराव्याला काय झालं, हे क्रमाने विचारावं. काही घरांत मुलांनी दहनच केलं. तेही तसंच लिहावं. नोंदणाऱ्याने तिथे ‘नियमाप्रमाणे व्हायला हवं होतं’ अशी शेपटी जोडू नये.

शेतकरी कुटुंब असेल तर द्राक्षबागेचं विचारावं. बहाईंना दारू वर्ज्य आहे आणि नाशिक जिल्ह्यात वायनरीला द्राक्ष देणारे शेतकरी पुष्कळ. माल कुठे द्यायचा यावर घरात कधी बोलणं झालं का, एवढाच प्रश्न. उत्तर काहीही येवो, त्यातून माणसाने नियम आणि पोट यांची सांगड कशी घातली ते दिसतं.

बहाई घरात जन्मलेल्यांना ‘कसे झालात’ हा प्रश्न लागूच पडत नाही. त्यांच्यासाठी पंधरावं वर्ष महत्त्वाचं. त्या वयात बहाई मूल प्रौढ धरलं जातं, नित्य प्रार्थना आणि उपवास तेव्हापासून लागू होतात आणि श्रद्धेचा निर्णय त्याचा स्वतःचा असतो. ‘दहावीच्या वर्षात पहिला उपवास कसा गेला?’ इथून सुरुवात करावी. शाळेत धर्माच्या रकान्यात काय लिहिलं होतं, हेही विचारून ठेवावं.

इराणी आडनाव पाहून अंदाज बांधू नये. यझदकडून मुंबई-पुण्यात येऊन हॉटेल आणि बेकरी चालवणाऱ्या इराणी कुटुंबांत जरथुष्ट्री आहेत आणि बहाईही आहेत. कधी एकाच घरात आजोबा जरथुष्ट्री, वडील बहाई असं असतं. देवळाली कॅम्पात पारशी-इराणी घरांत बोलताना ‘आजोबा इथे कोणत्या साली आले आणि तेव्हा ते काय मानत होते?’ असे दोन वेगळे प्रश्न करावेत.

तारीख कशी पक्की करायची

नोंद वाया जाते ती मुख्यतः तारखांमुळे. ‘त्या काळी’, ‘आणीबाणीच्या आसपास’, ‘मुलगा लहान होता तेव्हा’ एवढंच हाती राहतं. यावर तीन उपाय आहेत. त्यातला पहिला बहाई पंचांगाचा, आणि नोंदणाऱ्यांना बहुतेक वेळा तोच माहीत नसतो.

बहाई वर्ष १९ दिवसांच्या १९ महिन्यांचं. ते ३६१ दिवस होतात. वरचे ४ किंवा ५ दिवस म्हणजे अय्याम-ए-हा, शेवटच्या महिन्याच्या आधी येणारे, पाहुणचाराचे आणि भेटी देण्याचे. शेवटचा महिना उपवासाचा, मग नवरोज. जुन्या पत्रावर किंवा सभेच्या वहीत नुसतं ‘बदी १३०’ (बदी म्हणजे बहाई सन) लिहिलेलं सापडलं तर त्यात १८४३ मिळवावेत: १९७३. हे वर्ष मार्च १९७३ च्या नवरोजला सुरू होऊन मार्च १९७४ मध्ये संपतं. त्यामुळे घटना जानेवारी, फेब्रुवारी किंवा मार्चच्या पहिल्या तीन आठवड्यांतली असेल तर १८४४ मिळवायचे. एका वर्षाची चूक बहुतेक वेळा इथेच होते.

दुसरी चूक सूर्यास्ताची. बहाई दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. एखादा पवित्र दिवस २९ तारखेचा असेल तर लोक २८ च्या संध्याकाळी जमलेले असतात. आठवणीत एक तारीख आणि वहीत दुसरी असेल तर दोन्ही बरोबर असू शकतात. दोन्ही लिहाव्यात आणि कंसात ‘संध्याकाळ’ असं नमूद करावं.

२०१५ पासून आणखी एक फरक पडला. तोपर्यंत पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या बहाईंच्या काही तारखा वेगवेगळ्या होत्या. त्या वर्षापासून सगळ्या जगाचं पंचांग एक झालं. नवरोज तेहरानमधल्या वसंतसंपातावरून ठरू लागला, म्हणून तो आता कधी २० मार्चला येतो, कधी २१ ला, आणि त्यामागोमाग बाकीचे दिवसही एखाद्या दिवसाने पुढेमागे होतात. बाब (बहाउल्लाह यांच्या आगमनाची वर्दी देणारे) आणि बहाउल्लाह यांचे जन्मदिवस नवरोजनंतरच्या आठव्या अमावास्येनंतरचे पहिले दोन दिवस म्हणून जोडून येऊ लागले. मराठी माणसाला याची खूण सोपी: अधिक मास आडवा आला नाही तर हे दोन दिवस पाडवा-भाऊबीजेच्या आसपास पडतात. कुणी ‘जन्मदिवसाला घरात आकाशकंदील लावलेलाच होता’ असं सांगितलं तर आठवण बहुधा २०१५ नंतरची आहे. उलट ‘१२ नोव्हेंबरला दर वर्षी’ असं ठामपणे सांगितलं तर त्याआधीची.

कोणता पवित्र दिवस होता हे आठवत नसेल तर नाव विचारत बसू नये. घड्याळ आणि हवामान विचारावं. पहाटे तीनला उठून, मेच्या उकाड्यात, गच्चीवर किंवा अंगणात प्रार्थना म्हटल्या असतील तर तो बहाउल्लाह यांच्या निर्वाणाचा दिवस, २९ मे १८९२ ची आठवण. रात्री एक वाजता, शाली पांघरून, नोव्हेंबरच्या अखेरीस असेल तर बहाउल्लाह यांचे पुत्र अब्दुल-बहा यांच्या निर्वाणाचा, २८ नोव्हेंबर १९२१ चा. भर पावसाळ्यात दुपारी बारा-एकच्या सुमारास कार्यक्रम झाला आणि छत्र्या दारात वाळत होत्या, तर तो बाब यांच्या हौतात्म्याचा. ९ जुलै १८५० ला तबरीझमध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. मे महिन्यातच पण रात्री नऊच्या सुमारास, सूर्यास्तानंतर दोन तासांनी, तर आपण ईश्वराचे दूत असल्याच्या बाब यांच्या घोषणेचा, १८४४ च्या शिराझमधल्या रात्रीचा. आणि एप्रिलच्या दुपारी तीन वाजता, त्यातही मतदान झाल्याचं आठवत असेल, तर रिजवान या बारा दिवसांच्या सणाचा पहिला दिवस. त्याच दिवशी स्थानिक आध्यात्मिक सभेचे नऊ सदस्य निवडतात. उमेदवार नसतात, प्रचार नसतो, प्रत्येकाने गुपचूप नऊ नावं लिहायची.

ही शेवटची गोष्ट तारखेसाठी फार उपयोगी. ‘आमच्या इथे तेव्हा नऊ जण नव्हते’ असं कुणी म्हटलं तर त्या वर्षी तिथे सभा नव्हती, फक्त गट होता. सभा पहिल्यांदा कधी झाली हे कागदावर सापडतं, आणि मग बाकीच्या आठवणी त्याच्या आधी की नंतर एवढं तरी लावता येतं.

दुसरा उपाय समाजाच्या मोठ्या घटनांचा. दिल्लीच्या कमळ मंदिराचं, म्हणजे बहाई उपासना मंदिराचं, समर्पण डिसेंबर १९८६ मध्ये झालं आणि १ जानेवारी १९८७ पासून ते सगळ्यांना खुलं झालं. ‘मंदिर अर्धवट बांधलेलं पाहिलं’ असेल तर त्याआधीची काही वर्षं. बहाउल्लाह यांच्या जन्माची द्विशताब्दी २०१७ ची, बाब यांच्या जन्माची २०१९ ची. पाचगणीचं न्यू एरा हायस्कूल ही बहाई शाळा १९४५ ची; तिथे शिकलेला कोणी नात्यात असेल तर त्याच्या दहावी-अकरावीच्या वर्षावरून हिशेब लागतो. रूहीची पुस्तकं (बहाई अभ्यासक्रमाची) आणि ती एकत्र वाचणारी स्टडी सर्कल यांचा उल्लेख आला तर घटना बहुधा १९९६ नंतरची.

तिसरा उपाय नाशिकचा स्वतःचा. सिंहस्थ: १९८०, १९९१, २००३, २०१५. महापालिका १९८२ मध्ये झाली, त्याआधी नगरपालिका. १९७२ चा दुष्काळ वय झालेल्या प्रत्येकाला आठवतो. गोदावरीचा पूर मात्र जपून वापरावा. ‘पाणी दुतोंड्या मारुतीच्या वर गेलं होतं’ हे वाक्य १९६९ लाही लागू पडतं, २००८ लाही आणि २०१९ लाही. पुराबरोबर आणखी एक खूण हवी: तेव्हा घरात फोन होता का, मुलगी कितवीत होती, तुम्ही प्रेसमध्ये नोकरीला होता की निवृत्त झाला होता? दोन खुणा एका वर्षावर आल्या की तारीख धरावी. एकच असेल तर वर्षापुढे ‘सुमारे’ लिहावं आणि पुढे जावं.

श्रद्धेच्या बाबतीत एका माणसाच्या तीन तारखा असतात हे विसरू नये: मनाने मानलं ती, कार्डावर सही केली ती, आणि घरी सांगितलं ती. तिन्हींत कधी कधी दहा वर्षांचं अंतर पडतं. बहुतेक नोंदींत मधली एकच तारीख असते, कारण ती कागदावर असते. वाचणाऱ्याला मात्र तिसरीच जाणून घ्यायची असते.

जे बाहेर ठेवायचं

इराणमध्ये नातेवाईक असतील तर त्यांची नावं, गावं, व्यवसाय, फोटो यांपैकी काहीही नोंदीत येऊ देऊ नये. १९७९ च्या क्रांतीनंतर तिथे दोनशेहून अधिक बहाईंना ठार मारण्यात आलं. १८ जून १९८३ ला शिराझमध्ये एकाच दिवशी दहा स्त्रियांना फाशी दिली गेली. बहाई मुलांना विद्यापीठांची दारं बंद आहेत आणि अटका आजही होतात. नाशिकमध्ये वाचलेला मजकूर फोनवरून कुठवर जाईल याचा भरवसा नाही. ‘एक आत्या’, ‘दक्षिणेकडचं एक शहर’ एवढं पुरतं. सांगणारा म्हणाला ‘काही होत नाही, लिहा’, तरी मूळ ध्वनिफितीत ठेवावं आणि लिखाणातून काढावं. धोका त्याचा नसतो, आत्याचा असतो.

दुसरी खबरदारी जातीच्या दाखल्याची. अनुसूचित जातींबद्दलच्या १९५० च्या आदेशानुसार हा दर्जा हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. बहाई त्यात नाहीत. दलित घरातून आलेल्या माणसाचा श्रद्धाप्रवास नावानिशी छापला तर त्याचा परिणाम नातवंडांच्या कागदपत्रांपर्यंत जाऊ शकतो. हे पहिल्या भेटीतच स्पष्ट सांगावं आणि निर्णय कुटुंबावर सोडावा. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० चा आणि येवल्याची घोषणा १९३५ ची, दोन्ही याच जिल्ह्यातल्या. इथल्या अनेक घरांत धर्म बदलण्याचा विचार बहाई हा शब्द ऐकण्याच्या फार आधी होऊन गेलेला असतो. तो भाग जरूर विचारावा. नाव बदलून ठेवलं तरी कथेचं काही कमी होत नाही.

तिसरी गोष्ट नाजूक. बहाई शिकवणीत मागे बोलणं, म्हणजे दुसऱ्याचे दोष त्याच्या पाठीमागे सांगणं, कडक शब्दांत निषिद्ध आहे. त्यामुळे भांडण, फूट, सभेतला मतभेद आला की ज्येष्ठ मंडळी एकदम गप्प होतात. ‘जाऊ द्या, ते काही नाही.’ इथे खोदू नये. ‘कोणी केलं’ याऐवजी ‘त्यानंतर तुम्ही काय केलं?’ असं विचारावं. माणूस दोन वर्षं बैठकींना गेला नाही आणि मग एका नवरोजला परत गेला, एवढं कळलं तरी पुरे. दुसऱ्याचं नाव त्यात लागत नाही.

स्वप्नं आणि चमत्कार यांबद्दल: सांगितलेलं तसंच लिहावं, ‘त्या म्हणतात’ या शब्दांसकट. बहाई विचारात चमत्कार हा पाहणाऱ्यापुरताच पुरावा असतो, दुसऱ्याला पटवायचं साधन नव्हे. त्यामुळे स्वप्नाला परिच्छेदाचा शेवट करून टाळ्या घेऊ नयेत. तीच काळजी वचनांची. ‘बहाउल्लाह असं म्हणतात’ म्हणून सांगितलेलं वाक्य छापील ग्रंथात सापडलं तरच अवतरण चिन्हांत टाकावं. यात्रेकरूंनी ऐकलेलं आणि तोंडोतोंडी आलेलं बहाईंमध्ये धर्मवचन म्हणून धरत नाहीत. सापडलं नाही तर ‘त्यांच्या आठवणीप्रमाणे’ असं लिहून सोडून द्यावं.

ध्वनिमुद्रण

साधा फोन पुरतो. विमान मोड लावावा, नाहीतर ऐन वाक्यात गॅस सिलिंडरवाल्याचा फोन येतो. फोन टेबलावर तसाच ठेवू नये, टेबलावरची प्रत्येक टिचकी त्यात येते. खाली घडी घातलेला टॉवेल ठेवावा. तोंडापासून ३० ते ४० सेंटिमीटर अंतर ठेवावं. पंखा बंद करावा. उकाडा असेल तर दर वीस मिनिटांनी थांबून पंखा लावावा आणि पुन्हा सुरू करावं. जमल्यास वेव्ह प्रकारात घ्यावं. एका मायक्रोफोनचं, म्हणजे मोनो, रेकॉर्डिंग मिनिटाला सुमारे ५ एमबी, तासाला ३०० एमबीच्या वर जातं, म्हणून आधी जागा मोकळी करावी. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, ठिकाण आणि कितवी बैठक ते बोलून ठेवावं. फाइलचं नाव बदललं गेलं तरी आवाजातली तारीख राहते.

व्हॉट्सॲपवरून फाइल पाठवू नये, ‘व्हॉइस’ म्हणून गेलेल्या फितीचा दर्जा घसरतो. घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी तीन प्रती करून ठेवाव्यात: संगणक, पेन ड्राइव्ह, आणि तिसरी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी.

उतरवणं आणि लिहिणं

तासाभराच्या बोलण्याचे साधारण सहा ते आठ हजार शब्द होतात आणि ते उतरवायला पाच-सहा तास लागतात. बोलीत फरक करू नये. ‘टीचिंगला गेलो’, ‘डिक्लेअर केलं’, ‘फिस्टला बोलावलं’ हेच शब्द नाशिकच्या जुन्या बहाईंच्या तोंडी असतात (टीचिंग म्हणजे धर्माची ओळख करून देणं, डिक्लेअर म्हणजे आपण बहाई असल्याचं जाहीर करणं, फिस्ट म्हणजे दर बहाई महिन्याची बैठक). त्यांच्या जागी शुद्ध मराठी बसवलं की माणूस निघून जातो आणि अहवाल उरतो. जिथे हुंदका आला, हसू आलं, बराच वेळ काही बोललं गेलं नाही, तिथे कंसात तेवढंच लिहावं.

मग त्यातून आठ-नऊ मिनिटांत वाचून होईल असा हजारेक शब्दांचा मजकूर काढायचा. इथे मोह होतो तो आयुष्याची सरळ रेष ओढण्याचा: अंधार, भेट, प्रकाश. तो टाळायचा असेल तर एकच वर्ष निवडावं आणि त्या वर्षाचे नवरोज, रिजवान, दिवाळी आणि उपवास एवढ्यांतून कथा न्यावी. ‘दिव्य’, ‘अलौकिक’, ‘भारावून गेले’ असे शब्द सांगणाऱ्याचे असतील तर ठेवावेत, आपले असतील तर काढावेत. इतर धर्मांशी तुलना तर अजिबात नको. लोकांना धर्मात ओढण्यासाठी दबाव आणणं बहाईंना मान्य नाही, आणि तुलनेतून नकळत तोच सूर लागतो. छापून प्रसिद्ध करायचं असेल तर बहाई लेखकाने आधी आध्यात्मिक सभेकडून मजकूर तपासून घ्यायची रीत आहे. त्याला वेळ लागतो, म्हणून कार्यक्रमाची तारीख आधी जाहीर करू नये.

जुन्या चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नयेत, कोपरे फाटतात. पान तसंच ठेवून खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता फोनने फोटो घ्यावा. सुटे फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करावेत. मागे बॉलपेनने काही लिहू नये, मऊ पेन्सिलने कडेला नाव, साल, जागा. कमळ मंदिरासमोरचे सामूहिक फोटो बहुतेक घरांत निघतात, पण त्यात आपलं माणूस कोणतं हे दहा वर्षांनी कुणालाच सांगता येत नाही. म्हणून फोटो हातात असतानाच डावीकडून उजवीकडे नावं बोलून रेकॉर्ड करावीत.

तयार मजकूर आधी त्याच माणसाला, त्याच्याच घरी, मोठ्याने वाचून दाखवावा. वाचायला कागद देऊन निघून येऊ नये. चष्मा सापडत नाही, मग कागद राहून जातो. वाचताना पेन त्यांच्या हातात द्यावं. जे वाक्य ते खोडतील ते खोडलेलंच राहू द्यावं, कारण विचारू नये. आणि फोन पुन्हा एकदा चालू ठेवावा, कारण ‘एवढंच ना?’ असं म्हणून झाल्यावर, चहा येईपर्यंतच्या दहा मिनिटांत, घरी सांगितल्याची ती तिसरी तारीख बहुतेक वेळा तेव्हाच सांगितली जाते.